ओला हात, कोरडा हात

रिकामा टेम्पो लांबूनच ओळखू येतो. आमच्या शेडकडे येणारा रस्ता खडबडीत आहे, त्यावरून रिकामा हौदा खडखडत येतो. भरलेला टेम्पो गप्प येतो. भर आंब्याच्या दिवसांत एका सकाळी माझ्या दिराचा टेम्पो रत्नागिरीहून परत आला तो गप्प आला. मी हात पुसत बाहेर गेले.

"वैनी, माल घेतला नाय," दीर खाली न उतरताच म्हणाला. "दारातूनच परत पाठवला. मॅडम तुम्हाला फोन करणार हायत."

त्या सकाळी मला जे वाटलं त्याला आभार हा शब्द कुणी लावला नसता. आज मात्र मी त्या परत आलेल्या मालाचे आभार मानते, आणि ते का मानते तेवढंच इथे लिहिते आहे.

पालीच्या बाहेर, कोल्हापूरच्या रस्त्यापासून थोडी आत, आमची चिऱ्याची शेड आहे. मी आणि माझी धाकटी जाऊ मिळून ती चालवतो. कोंबडी कापायची, साफ करायची, थंड करायची, तुकडे करून पिशवीत बंद करायची आणि गिऱ्हाइकाला पोचवायची, एवढाच उद्योग. हाताखाली गावातल्या तिघी जणी. दीर, म्हणजे तिचा नवरा, टेम्पो चालवतो. माझ्याकडे हिशेब, साफसफाई आणि याद्या. याद्यांवरून घरात माझी भरपूर चेष्टा होते. लग्नाला जाताना मी सामानाची यादी करते आणि यादी विसरू नये म्हणून तिचीही नोंद करते, असं दीर पाहुण्यांना सांगतो. ते खोटं नाही. पण शेडमध्ये भिंतीवर लावलेल्या याद्यांमुळेच कोण कुठे उभं राहील, कोणते बूट घालील, कोणता सुरा कुठे धुवील हे कुणाला विचारावं लागत नाही.

गिऱ्हाइकं म्हणाल तर दोन खानावळी, एक हॉटेल आणि रत्नागिरीतल्या एका रुग्णालयाचं स्वयंपाकघर. समुद्र जवळ, इथे लोक जेवायला बसले की आधी मासळी विचारतात. खानावळींची मागणी त्यामुळे कधी आहे, कधी नाही. रुग्णालयाला मात्र सूप आणि रस्सा रोज लागतो. त्या एका स्वयंपाकघरावर शेड उभी होती. ते गेलं असतं तर तिघींना घरी पाठवून कुलूप लावावं लागलं असतं. हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण माहीत सगळ्यांना होतं.

स्वयंपाकघराच्या प्रमुख म्हणजे मॅडम. आहारशास्त्र शिकलेल्या, आवाज हळू, शब्द मोजके. ठरावीक काळाने त्या आमच्या मालाचा नमुना तपासणीला पाठवत. आतापर्यंत प्रत्येक वेळी ठीक निघाला होता.

फोन आला तेव्हा मी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"ताई, मांस चांगलं आहे," मॅडम म्हणाल्या. "पिशवी खराब आहे. पिशवीच्या बाहेरच्या अंगावर जिवाणू सापडलेत. चांगले नाहीत ते, जुलाबाचे."

माझ्या जावेने तोंडावरचा रुमाल खाली केला आणि मला म्हणाली, "पिशवी कोण खातं गो वैनी?"

ती हळू बोलली असं तिला वाटलं. फोनमधून उत्तर आलं. "कोणी खात नाही. पण आमची स्वयंपाकीण पिशवी हातात धरते. मग काकडी चिरते. मांस शिजतं ताई, काकडी शिजत नाही. आणि ती काकडी ज्याच्या पानात जाते तो आधीच आजारी असतो."

जावेने रुमाल पुन्हा वर केला.

"पुढच्या आठवड्यात मी परत नमुना घेईन," मॅडम म्हणाल्या. "तो ठीक निघाला तर आपलं चालू. नाही तर मला दुसरीकडे बघावं लागेल. तोवर माल नको." मग म्हणाल्या, "आत्ताच दुसरा पुरवठादार धरणं मला सोपं होतं. पण तुमचं मांस इतकं स्वच्छ असताना पिशवी अशी का, हे मला कळलं पाहिजे. तुम्ही शोधा."

परत आलेला माल खड्डा काढून, चुना टाकून पुरला. दीर म्हणत होता घरात शिजवू, सगळ्यांना पोटभर होईल. मी नाही म्हटलं. पिशव्या फोडताना ते पाणी आमच्याच ओट्यावर सांडलं असतं. जाऊ खड्ड्याच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "पिशवीनं शेण खाल्लं नि कोंबडीनं भोगलं."

दुसऱ्या दिवशी मी शोधाला लागले. आमच्या शेडचे दोन भाग आहेत. एका बाजूला कोंबडी येते, कापली जाते, गरम पाण्यातून निघते, पिसं निघतात, पोट साफ होतं. ही मळकट बाजू. मधे भिंत आणि खिडकी. खिडकीतून साफ झालेली कोंबडी पलीकडे जाते, तिथे थंड पाण्याची टाकी, तुकडे करायचं टेबल, पिशव्या, पिशवी चिकटवायचं यंत्र. ही स्वच्छ बाजू. मळकट बाजूचे बूट काळे, स्वच्छ बाजूचे पांढरे. काळे बूट भिंतीच्या पलीकडे गेले तर मी ओरडते, मग पाय कुणाचेही असोत.

पहिला संशय मी पिशवी उघडण्यावर घेतला. कोरी पिशवी चिकटलेली असते. ती सुटी करायला आपण काय करतो? बोट जिभेला लावतो किंवा तोंडाने फुंकर मारतो. किराणा दुकानात, मंडईत, सगळीकडे हेच. रुमाल बांधायचा नियम होता, पण फुंकर मारायला तो खाली येतोच. तिघींतली वयाने मोठी बाई, जिला सगळ्या मावशी म्हणतात, ती चिडली.

"माझ्या फुंकरीनं लेकरांचं लागलेलं बरं होतं, नि तुझी पिशवी आजारी पडते?"

"मावशी, लेकराला मार फुंकर. पिशवीला नको."

"मग उघडू कशानं? मंत्रानं?"

पिशवीची कड दोन बोटांत चोळली की ती सुटते, हे मी करून दाखवलं. चार पिशव्यांनंतर मावशींनाही जमलं, पण कबूल केलं नाही त्यांनी. "आज पिशव्याच सुट्या आल्यात," म्हणाल्या.

मग पिशव्यांचं खोकं पिसांच्या यंत्रापासून लांबच्या कपाटात गेलं, टेबलं औषधाच्या पाण्याने दोनदा पुसली, नखं तपासली, मावशींच्या बांगड्या उतरवल्या. एवढं करून टेबलावरून तयार झालेली एक पिशवी उचलली, स्वच्छ डब्यात घातली आणि रत्नागिरीतल्या एका प्रयोगशाळेत स्वतः नेऊन दिली. उत्तर आलं, पिशवी आतून बाहेरून स्वच्छ.

मी मॅडमना फोन केला. मला वाटलं त्या खूश होतील.

"म्हणजे टेबलावर ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मग टेबलापासून माझ्या दारापर्यंत काय होतं?"

टेबलापासून दारापर्यंत होता टेम्पो. मी दिराकडे पाहिलं.

"माझ्याकडं नको बघू," दीर म्हणाला. "मी काय गाडी चालवत पिशव्या चाटतो?"

टेम्पो धुतला. मला सुचलं ते सगळं झालं होतं आणि आठवडा संपत आला होता. मी पुन्हा फोन केला आणि सरळ सांगितलं की सापडत नाही. मी सहसा मदत मागत नाही. यादी करते आणि कामाला लागते. त्या दिवशी मागितली. मॅडम म्हणाल्या, "रविवारी मला सुट्टी आहे. मी येते. तुम्ही नेहमीसारखं काम करा. माझ्यासाठी काही वेगळं करू नका."

रविवारी त्या स्कूटरवरून आल्या. डिकीतून स्वतःचे पांढरे बूट काढले, केस टोपीत घातले, हात कोपरापर्यंत धुतले. माझ्या जावेने ते सगळं नीट पाहून घेतलं आणि माझ्या कानात म्हणाली, "ही आपल्यातली हाय."

कोंबडी आली तिथपासून मॅडम बघत राहिल्या. मधे मधे एखादा प्रश्न. खिडकीपाशी थांबल्या, टाकीतल्या पाण्यात थर्मामीटर घातला, मान हलवली. मावशी बोटांनी पिशवी चोळून उघडत होत्या त्या म्हणाल्या, "बघा, फुंकर नाय हो. आमच्याकडं पद्धतच नाय ती." मी रुमाल नाकावर ओढला.

पिशव्या बंद झाल्या. इथे माझं काम संपायचं, भिंतीवरची यादीही इथेच संपायची. पुढचं काम जावेचं, आणि त्यात तिला कुणी हात लावलेला चालत नसे.

माझ्या जावेचं माहेर रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातलं. वडील बंदरावर मासळी भरायचे, आता भाऊ भरतो. लहानपणापासून तिने बर्फ आणि मासळीचे थर रचलेले पाहिलेत. आमचा धंदा सुरू झाला तेव्हा पिशव्या थंड कशा न्यायच्या हा प्रश्न तिनेच सोडवला होता. भावाकडच्या थर्माकोलच्या पेट्या, भावाकडचाच फोडलेला बर्फ. दीर रत्नागिरीहून येताना रोज घेऊन यायचा. उन्हाळ्यात वीज जाते, आमच्या फ्रीजरमध्ये तेवढा बर्फ होत नाही, त्यामुळे तो बर्फ म्हणजे आम्हाला देणगी होती. पेटीत ती भरभर खाली बर्फ, वर पिशव्या, वर बर्फ, असे थर द्यायची. दुपारच्या उन्हातही पिशवी हाताला गार लागायची.

मॅडम बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही पेटी कुठली?"

"माझ्या भावाची. बंदरावरची. दोनदा धुतलीय मी."

"आणि बर्फ?"

"तिथलाच."

मॅडमनी आधीच भरलेली, सकाळपासून उभी असलेली एक पेटी उघडली. वरचे थर छान होते. खाली हात घातला तर मनगटापर्यंत पाणी. पाण्याला रंग होता. खालच्या पिशव्या त्या पाण्यात पोहत होत्या.

"हे पाणी जात का नाही?" त्यांनी विचारलं.

दीर दाराशी उभा होता. त्याने सांगितलं. पेटीच्या तळाला कोपऱ्यात भोक असतं, वितळलेलं पाणी त्यातून जातं. एरवी जायचं. पण आंबा सुरू झाला की तो त्याच फेरीत आंब्याची खोकी नेतो. खोकी पुठ्ठ्याची. कोंबडीच्या पेटीतलं पाणी हौद्यात पसरलं आणि खोक्यांचे तळ भिजले, बागवाला ओरडला. म्हणून त्याने बायकोला सांगितलं, आणि तिने भोकात कापडाचा बोळा घालून वर चिकटपट्टी मारली.

म्हणून मागच्या तपासणीत ठीक आणि या वेळी नाही. मधे आंबा आला होता.

मॅडम म्हणाल्या, "थर्माकोल धुऊन स्वच्छ होत नाही ताई. त्याच्या दाण्यांत जुनं पाणी राहतं. बर्फही मासळीसाठीचा आहे, फावड्याने ओढलेला. आणि आता ते सगळं तुंबलंय. आधी वाहून जात होतं तेव्हाही नशीबच म्हणायचं."

जावेचा चेहरा लाल झाला. "आमच्या बंदरावरची मासळी कुठल्या कुठं जाते मॅडम. लोक उड्या मारून घेतात. नि तुमच्या कोंबडीला आमची पेटी घाण?"

मावशींनी उगाच नळ सुरू केला. मला वाटलं, संपलं. आता जाऊ रुसून माहेरी जाईल आणि मॅडम रत्नागिरीला.

मॅडम चिडल्या नाहीत आणि समजूतही घालत बसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमचे वडील पेटीत असं पाणी तुंबू द्यायचे?"

जावेने पेटीकडे पाहिलं. मग तिने वाकून चिकटपट्टी ओढली, बोळा उपसला. पाणी फरशीवरून वाहत गेलं, आणि बंद शेडमध्ये त्याचा वास सुटला.

"बाबांनी बघितलं असतं तर पेटी माझ्या डोक्यावर उपडी केली असती," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "तुझ्या आंब्यापायी!"

"माझ्या काय? पट्टी तू मारलीस."

"तू सांगितलंस म्हणून मारली!"

मॅडम हसल्या. आम्ही त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. वातावरण सैल झालं तसं मी चहा टाकला आणि आतून कोंबडी-वडे आणले. सकाळी मुद्दाम केले होते.

"मी खात नाही," मॅडम म्हणाल्या. "मांस-मच्छी काहीच नाही. नुसता वडा द्या."

जाऊ ताट हातात धरून थांबली. "खात नाय, मग सुट्टीच्या दिवशी एवढ्या उन्हात आलात कशाला?"

"माझे पेशंट खातात ना."

त्यावर जाऊ त्यांच्या पानात वडे वाढायला लागली ती थांबायचं नाव घेईना.

त्या दिवशी चहा घेता घेता पुढचं ठरलं. पेट्या बंदरावर परत. त्यांच्या जागी टणक प्लास्टिकचे झाकणाचे डबे, जे घासता येतात आणि उन्हात वाळवता येतात. सुटा बर्फ बंद. त्याऐवजी पाण्याने भरलेल्या बंद बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवायच्या, पुसून डब्यात उभ्या करायच्या. वितळल्या तरी पाणी आतच. आंबा आणि कोंबडी एका फेरीत नाही. दिराने डिझेलच्या नावाने सुस्कारा टाकला. पण त्याने दोन फेऱ्या केल्या आणि पूर्ण हंगाम केल्या, याचंही ऋण मी मानते.

एक गोष्ट मात्र राहिली होती. तुकडे पिशवीत भरणाराच हात पिशवीला बाहेरून लागतो. दर पिशवीला हात धुवायचा म्हटलं तर काम पुढे सरकत नाही. मी आणि मॅडम यावर बोलत होतो. जाऊ पानं गोळा करत होती. ती जाता जाता म्हणाली, "बांगडा रव्यात घोळवताना काय करतो आपण?"

आमच्याकडे हे मुलींना शिकवावं लागत नाही, बघून येतं. मसाला लावलेला बांगडा एका हाताने उचलायचा आणि रव्यात टाकायचा. तो हात ओला. रवा वरून टाकायचा तो दुसऱ्या हाताने. तो हात कोरडा. ओला हात रव्याला लागला की रव्याचे गोळे होतात. आयुष्यभर आम्ही हेच करत आलो होतो.

"एक बाई ओली, एक कोरडी," जाऊ म्हणाली. "कोरडीनं पिशवी धरायची, तोंड बाहेर दुमडायचं. ओलीनं वरून तुकडे सोडायचे, पिशवीला शिवायचं नाय. कोरडीनं दुमड उलटायची नि बंद करायची."

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. "उद्यापासून माझ्या स्वयंपाकघरातही हेच," म्हणाल्या.

मावशी कोरड्या झाल्या. काही दिवसांतच त्यांना त्याचा अभिमान वाटायला लागला. कुणी जवळ आलं की "लांब, मी कोरडी हाय!" असं ओरडायच्या.

नव्या डब्यातून नमुना गेला. निकालाला दोन दिवस लागणार होते. पेट्या परत द्यायला जाऊ स्वतः बंदरावर गेली. भाऊ तिला सगळ्यांसमोर म्हणाला, "झालीस ना शेवटी कोंबडीवाली! बापाचं नाव बुडवलंस." तिने त्याला सांगितलं, "बापाचंच ऐकलं मी. तू आधी पेट्यांची भोकं बघ." घरी येऊन हे तिने दोनदा सांगितलं. पण त्या दोन दिवसांत ती नेहमीसारखी बडबडत नव्हती. मीही नाही. तिघी कामाला येत होत्या, धुतलेलं पुन्हा धुत होत्या, आणि उद्या येऊ ना, असं जाताना विचारत होत्या. मी हो म्हणत होते.

फोन आला तेव्हा आम्ही दोघी चुलीपाशी होतो. भावाने पेट्यांच्या बदल्यात बांगडे दिले होते. जाऊ बांगडे रव्यात घोळवत होती, मी तव्यावर उलटत होते. माझे दोन्ही हात तेलकट. फोन कट्ट्यावर वाजायला लागला, वर मॅडमचं नाव.

जावेने ओला हात मागे घेतला. कोरड्या हाताने फोन उचलला आणि माझ्या कानाला लावला. फोनच्या काचेवर रव्याचे दोन कण होते, बाकी काही नाही.

मी ऐकलं. "हो मॅडम," म्हटलं. "बाहेरून पण? बरं. बरं." इतकी वर्षं हिशेब आणि पत्रं लिहिणारी मी, तिथे आभाराचं एक वाक्य मला जुळवता आलं नाही.

"काय म्हणतायत?" जाऊ म्हणाली. तिचा ओला हात अजून हवेत होता, मसाला मनगटावरून कोपराकडे ओघळत होता.

"उद्या माल पाठवा म्हणतायत."

तिने फोन खाली ठेवला. मग खिडकीतून अंगणात टेम्पो पुसत असलेल्या नवऱ्याला हाक मारली, "ऐकलंस काय रे? उद्या आधी कोंबडी, मग आंबा!"

आणि मी उठून, तेलकट हात धुऊन, पुसून, तिघींच्या घरी निरोप द्यायला निघाले. मावशींचं घर सगळ्यात लांब आहे. तिथे मी आधी गेले.